फ्रीझर आधी की फॉलोअप आधी? किडनी संशोधनासाठी नमुन्यांचा संग्रह उभारताना

प्रश्न थोडक्यात असा: एका रुग्णालयाच्या मूत्रपिंडरोग विभागात आठवड्याला पाच-सहा किडनी बायोप्सी (तपासणीसाठी सुईने किडनीचा बारीक तुकडा काढणं) होतात. तिथल्या एका तरुण डॉक्टरांना रुग्णांची माहिती, रक्त, लघवी आणि बायोप्सीचा तुकडा असा संग्रह संशोधनासाठी सुरू करायचा आहे. उणे 80 अंशांचा एक फ्रीझर मंजूर झालाय. त्यांनी विचारलंय की काय काय गोळा करावं, ते किती वर्षं टिकतं आणि नोंदींसाठी सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं.

तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण त्याआधी एक चौथा प्रश्न तुम्हालाच विचारतो. आज ज्या रुग्णाचा नमुना ठेवाल, त्याचं पाच वर्षांनी काय झालं हे तुम्हाला कोण सांगणार आहे? हा माणूस कोण, त्याचा पगार कुठून येणार, हे ठरलं नसेल तर फ्रीझरची घाई करू नका. गेली पंधरा-सोळा वर्षं मी हेच काम करतोय. जे संग्रह वाया गेलेले पाहिले, त्यातले बहुतेक फ्रीझर बिघडल्यामुळे नाही, नमुन्यामागची हकीकत हरवल्यामुळे वाया गेले. नळी शाबूत, आतला द्रव शाबूत, आणि रुग्ण डायलिसिसवर गेला की बरा झाला याचा पत्ता नाही. अशी नळी कुणी मागत नाही.

जुना नमुना नीट जपला तर काय होतं याचं माझं आवडतं उदाहरण मेम्ब्रेनस नेफ्रोपथीचं. या आजारात प्रतिपिंडं किडनीतल्या नेमक्या कशावर हल्ला करतात हे मोठ्या माणसांच्या बाबतीत कित्येक दशकं कोडं होतं. 2009 साली लॉरेन्स बेक, डेव्हिड सॅलंट आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचं सिरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) निरोगी किडनीतल्या ग्लोमेरुलसच्या, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गुच्छांच्या, प्रथिनांवर तपासलं. प्राथमिक मेम्ब्रेनसच्या 37 पैकी 26 रुग्णांच्या सिरममध्ये एकाच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड सापडलं. ते प्रथिन म्हणजे पीएलए2आर. आज ही साधी रक्ततपासणी आहे आणि काही रुग्णांची बायोप्सीही तिच्यामुळे टळते. इथे नुसतं सिरम असून भागलं नसतं. कुठला रुग्ण प्राथमिक आजाराचा आणि कुठला कर्करोग, ल्युपस किंवा हिपॅटायटिसमुळे झालेल्या दुय्यम आजाराचा, हे नळीवर खात्रीने चिकटलेलं होतं म्हणून फरक दिसला.

आता काय गोळा करावं. हे बरंचसं तुमच्या परिस्थितीवर आहे: बायोप्सीच्या खोलीपासून लॅब किती लांब आहे, पॅथॉलॉजिस्ट तुमच्या बाजूने आहेत का, संध्याकाळी सहानंतर सेंट्रिफ्यूज (नमुना गरगर फिरवून थर वेगळे करणारं यंत्र) फिरवायला माणूस आहे का. पण सुरुवात लघवीपासून करा, असं मी कुणालाही सांगेन. ती सुई न टोचता मिळते, पुन्हा पुन्हा मिळते आणि थेट किडनीतून येते. बायोप्सीच्या दिवशी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. मग रक्ताचं सिरम, ईडीटीए प्लाझ्मा (गोठू न दिलेल्या रक्तातला द्रव) आणि डीएनएसाठी बफी कोट (पांढऱ्या पेशींचा थर). ऊती, म्हणजे बायोप्सीतला किडनीचा तुकडा, सगळ्यात शेवटी. ती मौल्यवान आहेच, पण एकदाच मिळते आणि तिच्यावर पहिला हक्क रुग्णाच्या निदानाचा असतो.

या हक्काबद्दल जरा थांबून बोलतो, कारण इथेच नव्या लोकांचा पाय घसरतो. बायोप्सीचा कोअर म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीचा दोरा. त्यातून लाइट मायक्रोस्कोपीला, इम्युनोफ्लुरोसन्सला (ऊतीत अडकलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणारी तपासणी) आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीला तुकडे जायचे असतात. कोअर बशीत सलाईनमध्ये ठेवून भिंगाखाली धरला की कॉर्टेक्समधले, म्हणजे किडनीच्या बाहेरच्या थरातले, ग्लोमेरुलस बारीक लालसर ठिपक्यांसारखे दिसतात. नुसता मेडुला (आतला भाग) आला असेल तर ठिपके नसतात, सरळ रेषा दिसतात. आमच्याकडे नियम असा की भिंगाखाली बघून टेक्निशियन 'पुरेसं आहे' म्हणेपर्यंत संशोधनाच्या नळीचं झाकण उघडायचं नाही. सुरुवातीला आम्ही हा नियम केला नव्हता. एकदा निदानाच्या तुकड्यात ग्लोमेरुलस फार कमी निघाले आणि संशोधनाच्या नळीत मात्र छान कॉर्टेक्स गेलेला. त्या रुग्णाची बायोप्सी दुसऱ्यांदा करावी लागली. तेव्हा पॅथॉलॉजिस्टनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यांचं बरोबर होतं.

आणखी एक बारीक गोष्ट. कोअर चिमट्याने दाबून उचलू नका, पेशी चिरडतात. सुईच्या टोकाने किंवा बारीक काडीने उचला. फॉर्मॅलिनला (ऊती टिकवायच्या रसायनाला) लागलेलं ब्लेड पुन्हा कोअरला लावू नका, तेवढ्यानेही इम्युनोफ्लुरोसन्सचा तुकडा हातचा जातो. दोन ब्लेडं, दोन काड्या, वेगळ्या रंगाच्या. हास्यास्पद वाटेल, पण आमचं निम्मं प्रशिक्षण याच गोष्टीवर खर्च होतं.

संशोधनासाठी जास्तीचा कोअर घ्यावा का? प्रत्येक जास्तीच्या टोच्याला रक्तस्रावाचा धोका असतो, आणि तो रुग्ण पत्करतो, आपण नाही. अमेरिकेत 2017 साली सुरू झालेल्या किडनी प्रिसिजन मेडिसिन प्रोजेक्टमध्ये संशोधनासाठी बायोप्सी घेतात, अगदी ज्यांची एरवी बायोप्सी झाली नसती अशांचीही. पण तिथे धोक्याची देखरेख, रुग्णांशी चर्चा आणि आखणीतला रुग्णांचा सहभाग यावर मोठी यंत्रणा उभी आहे. तुमच्याकडे ती नाही. तुम्ही निदानातून उरलेल्या भागावर भागवा. तेवढ्यावर भागतं. युरोपातल्या रुग्णालयांनी मिळून उभारलेल्या रीनल सीडीएनए बँकेने नेहमीच्या बायोप्सीतला छोटा भाग आरएनए टिकवणाऱ्या द्रावात ठेवला, ग्लोमेरुलस आणि ट्युब्युल (किडनीतल्या बारीक नलिका) भिंगाखाली वेगळे केले आणि त्यातून जनुकांचं काम मोजून दाखवलं. तुमच्याही नळीत आरएनएलेटर हा तसाच द्राव असू द्या: तुकडा त्यात घालून रात्रभर 4 अंशांवर, दुसऱ्या दिवशी द्राव काढून उणे 80. पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) तर निदानासाठी होणारच, त्याची मालकी पॅथॉलॉजी विभागाकडेच ठेवा आणि स्लाइड मात्र स्कॅन करून घ्या. स्लाइड फिकट होतात, फुटतात, उसन्या जातात आणि परत येत नाहीत. स्कॅन केलेली प्रतिमा एकाच वेळी दहा तज्ज्ञांना बघता येते.

लघवीबद्दल दोन अनुभवाच्या गोष्टी. पहिली: उणे 20 च्या साध्या फ्रीझरमध्ये ठेवू नका. त्या तापमानाला महिनोन् महिने ठेवलेल्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन खरं होतं त्यापेक्षा कमी मोजलं जातं. दुसरी: थंड केल्यावर लघवीत पांढरट गाळ बसतो. त्यात बरंचसं युरोमोड्युलिन असतं, किडनीतच तयार होणारं प्रथिन, आणि त्याच्याबरोबर इतर प्रथिनंही खाली बसतात. वितळवल्यावर वरचंच पाणी उचललं तर मोजमाप चुकतं. नळी शरीराच्या तापमानाला आणून नीट ढवळा, मगच काढा. आमच्याकडे ही सूचना नमुन्याबरोबर छापील चिठ्ठीवर जाते. ती चिठ्ठी न वाचणारे संशोधक असतात, पण तो वेगळा विषय.

प्रत्येक नमुना छोट्या छोट्या नळ्यांत वाटून ठेवा, अर्धा मिलिलिटर पुरे. एकच मोठी नळी ठेवली की प्रत्येक मागणीला ती वितळवून पुन्हा गोठवावी लागते, आणि दर वेळी आतल्या मालाची थोडी वाट लागते. नळीच्या बुडाला कोरलेला बारकोड असलेल्याच नळ्या घ्या. मार्करने लिहिलेलं नाव स्पिरिटच्या एका थेंबाने पुसलं जातं. आम्ही पहिल्या वर्षीच्या एका पेटीवर हा धडा घेतला. आजही त्या पेटीत कुणाचं काय आहे ते सांगता येत नाही, आणि टाकून द्यायला हात धजत नाही. एकाच रुग्णाच्या सगळ्या नळ्या एकाच फ्रीझरमध्येही ठेवू नका. दुसऱ्या विभागाच्या फ्रीझरमध्ये एक कप्पा मागून घ्या.

किती वर्षं टिकतं, याचं सरसकट उत्तर नाही. डीएनए फार टिकाऊ, आरएनए नाजूक, काही प्रथिनं उणे 80 लाही हळूहळू बदलतात. पण टिकण्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे गोठवण्याआधीचे तास. सुई बाहेर आली ती वेळ, नळीत गेली ती वेळ, सेंट्रिफ्यूज फिरला ती वेळ, फ्रीझरमध्ये गेली ती वेळ. या चार वेळा घड्याळ बघून लिहा, अंदाजाने नाही. उशीर झालेला नमुना फेकायचा की ठेवायचा यावर लोक भांडतात. मी ठेवतो, पण उशीर स्पष्ट दिसेल असा. लघवीतलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) मोजणाऱ्याला दोन तास उशीर चालतो, आरएनए काढणाऱ्याला चालत नाही. ते ठरवणं त्याच्यावर सोडा, त्याच्यापासून लपवू मात्र नका.

आता माहिती. माझ्या मते खरा संग्रह हाच आहे. फ्रीझर ही त्याची पुरवणी.

एक नियम लक्षात ठेवा: कच्चा आकडा जपा, काढलेला आकडा पुन्हा काढता येतो. ईजीएफआरचंच, म्हणजे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून सूत्राने काढलेल्या किडनीच्या गाळण्याच्या वेगाचंच, बघा. 1999 मध्ये एमडीआरडीचं सूत्र आलं, 2009 मध्ये सीकेडी-ईपीआय आलं, 2021 मध्ये वंशाचा घटक वगळून नवं सूत्र आलं. ज्यांनी फक्त ईजीएफआर लिहून ठेवला, त्यांच्या जुन्या नोंदी नव्या नोंदींशी जुळत नाहीत. ज्यांनी क्रिएटिनिन, वय आणि लिंग लिहून ठेवलं, ते पाच मिनिटांत सगळं नव्याने काढतात. क्रिएटिनिनबरोबर एकक आणि पद्धतही लिहा. 1 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे 88.4 मायक्रोमोल प्रति लिटर. दोन लॅबची एककं एका रकान्यात मिसळली तर मोठे फरक डोळ्यांना दिसतात, पण लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराच्या एककांची गल्लत दिसत नाही. तिथे फरक 8.84 पटींचा आहे, आणि 30 काय नि 265 काय, दोन्ही आकडे खरे वाटतात. जाफे पद्धतीने मोजलेलं क्रिएटिनिन ग्लुकोज, बिलिरुबिन आणि काही प्रतिजैविकांमुळे चुकू शकतं, एन्झाइम पद्धतीला हा त्रास बराच कमी. लॅबने मधल्या वर्षी यंत्र बदललं तर ती तारीखही नोंदीत हवी. नाहीतर 'त्या वर्षी सगळ्यांच्या किडन्या सुधारल्या' असा शोध कुणीतरी लावतो.

आमची सर्वात मोठी चूक औषधांच्या रकान्यात होती. फॉर्मवर लिहिलं होतं, 'स्टिरॉईड: होय / नाही'. काही वर्षांनी एका गटाने मागणी केली की नेफ्रोटिक सिंड्रोमचे (लघवीतून भरपूर प्रथिन जाऊन अंगाला सूज येते तो विकार) असे नमुने द्या जे स्टिरॉईड सुरू होण्याआधी घेतलेत. मागणी अगदी साधी होती, आणि आम्हाला उत्तर देता येईना. 'होय' म्हणजे बायोप्सीच्या आधी की नंतर? किती डोस? आठवडाभर की सहा महिने? कोऑर्डिनेटरने जुने केसपेपर काढून महिनाभर शोधलं, तरी निम्म्याहून जास्त नमुन्यांचं उत्तर सापडलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे 'होय' हा शब्दच नाही. औषधाचं नाव, सुरू झाल्याची तारीख, बंद झाल्याची तारीख, डोस. आणि प्रत्येक रकान्याला तीन वेगळी उत्तरं: 'नाही', 'माहीत नाही', 'विचारलं नाही'. रिकामी जागा या तिन्हींपैकी काहीही असू शकते.

निदानाचंही असंच. एफएसजीएस हे एका आजाराचं नाव वाटतं, पण तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा व्रणांचा नमुना आहे. त्यामागे जनुकीय दोष असेल, औषध असेल, लठ्ठपणा असेल. म्हणून पॅथॉलॉजिस्टनी काय पाहिलं ते वेगळं लिहा: एकूण ग्लोमेरुलस किती, त्यातले पूर्ण निकामी किती, फायब्रोसिस (व्रणऊती) किती टक्के, आयजीए नेफ्रोपथी (किडनीत आयजीए प्रतिपिंडं साचण्याचा आजार) असेल तर बायोप्सीतल्या बदलांना गुण देणाऱ्या ऑक्सफर्ड वर्गीकरणाचे मेस्ट-सी गुण. निदान वेगळ्या रकान्यात आणि तारखेसकट. निदान बदललं तर जुनं पुसू नका, खाली नवं लिहा.

बायोप्सीचा दिवस शून्य धरा आणि संशोधकांना द्यायच्या माहितीत बाकी सगळ्या तारखा 'शून्यापासून इतके दिवस' अशा द्या. विश्लेषण सोपं होतं आणि रुग्णाची ओळखही झाकली जाते. दुर्मीळ आजारात नाव काढून टाकणं पुरत नाही. जन्मतारीख, बायोप्सीची तारीख आणि आजार एवढ्यावर माणूस ओळखू येतो. सांकेतिक क्रमांक आणि नाव जोडणारी यादी वेगळ्या ठिकाणी, दोन माणसांच्याच हाती.

संमतीपत्राबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो. नमुन्यांचा पुढे काय उपयोग होईल हे आज कुणालाच माहीत नसतं, म्हणून संमती व्यापक लागते. पण व्यापक म्हणजे मोघम नव्हे. ॲरिझोनातल्या हवासुपाई जमातीकडून 1990 च्या सुमारास ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त घेतलं. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया आणि जमातीच्या मुळाचा शोध अशा कामांना वापरल्याचं लोकांना कळलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2010 साली विद्यापीठाला भरपाई द्यावी लागली, रक्तही परत करावं लागलं. माहितीचे आणि नमुन्यांचे साठे कसे चालवावेत यावर जागतिक वैद्यक संघटनेचा तैपेई जाहीरनामा आहे, 2016 ची आवृत्ती. तो एथिक्स कमिटीपुढे जाण्याआधी वाचा. संमतीपत्रात निदान एवढं साध्या भाषेत हवं: नमुना किती काळ राहील, जनुकीय तपासणी होईल का, बाहेरच्या संस्थेला किंवा कंपनीला जाईल का, रुग्णाने नंतर 'नको' म्हटलं तर काय होईल. आणि एक अवघड प्रश्न आधीच सोडवा. संशोधनात एखाद्याच्या कोलॅजेन 4 च्या जनुकात दोष सापडला, म्हणजे त्याचा 'एफएसजीएस' खरं तर अल्पोर्ट या आनुवंशिक किडनीविकाराच्या कुळातला निघाला, आणि त्याच्या भावंडांनाही तो असू शकतो. सांगणार का? कोण सांगणार? पक्क्या लॅबमध्ये पुन्हा तपासणी करून, की तसंच? हे उत्तर रुग्ण समोर बसलेला असताना शोधायची वेळ येऊ देऊ नका. आम्ही संमतीपत्रावरच विचारतो, 'असं काही सापडलं तर कळवायचं का?' बहुतेक जण 'हो' म्हणतात. थोडे 'नाही' म्हणतात, आणि तेही पाळावं लागतं.

तुलनेसाठी निरोगी ऊती कुठून आणणार, हा प्रश्न तुम्हाला वर्षभरात पडेलच. गाठीसाठी काढलेल्या किडनीचा गाठीपासून लांबचा भाग सहज मिळतो, पण रक्तपुरवठा तोडल्यापासून तुकडा हाती येईपर्यंत जो वेळ जातो त्यात जनुकांचं काम बदललेलं असतं. शिवाय ते रुग्ण बहुधा वयस्कर, रक्तदाब असलेले. प्रत्यारोपणाआधी जिवंत दात्याच्या किडनीतून घेतलेली बायोप्सी जास्त चांगली, पण ती निवडून निवडून घेतलेल्या निरोगी माणसाची. दोन्ही ठेवा, एकमेकांत मिसळू नका.

नमुने द्यायचे कुणाला, हे एकट्या विभागप्रमुखांच्या हाती ठेवू नका. तीन-चार जणांची समिती असू द्या, त्यात एक बाहेरचा आणि जमलं तर एक रुग्ण. नमुना घेणाऱ्याने आपले निकाल ठरल्या मुदतीत संग्रहाला परत द्यायचे, ही अट लेखी घ्या. एकाच नळीवर तीन गटांनी केलेली मोजमापं एकत्र आली की संग्रहाची किंमत वाढत जाते. आणि 'आपल्याच कामासाठी राखून ठेवू' हा मोह आवरा. भरलेला, बंद फ्रीझर हे या क्षेत्रातलं जुनं दुखणं आहे.

सॉफ्टवेअरचं उत्तर सर्वात छोटं. सुरुवातीला रेडकॅप पुरे. व्हँडरबिल्ट विद्यापीठात तयार झालेलं आहे आणि सदस्य संस्थांना ते वापरायला शुल्क नाही. कोणी काय बदललं याची नोंद ते स्वतः ठेवतं. एक्सेल नको, तिथे एका चुकीच्या सॉर्टने सगळ्यांचे क्रिएटिनिन एकमेकांना वाटले जातात.

तुमच्या जागी मी असतो तर पहिले सहा महिने फक्त एका आजाराचे रुग्ण घेतले असते, समजा मोठ्यांमधला नेफ्रोटिक सिंड्रोम. नुसती माहिती आणि लघवी, तीही दुसऱ्या विभागाच्या उणे 80 च्या फ्रीझरमध्ये मागून घेतलेल्या कप्प्यात. सहा महिन्यांनी बघितलं असतं की पहिल्या वीस जणांपैकी किती जणांचा तीन महिन्यांचा फॉलोअप खरोखर हाती आलाय. पंधराच्या खाली असेल तर नवे रुग्ण घेणं थांबवून आधी त्याचं कारण शोधलं असतं: फोन नंबर एकच घेतला होता का, तपासणीची तारीख डायलिसिसच्या वेळेशी भिडत होती का, कोऑर्डिनेटरला ओपीडीत बसायला खुर्ची तरी होती का. खुर्चीचं मी गमतीने म्हणत नाही, आमच्याकडे नव्हती.

तुमचा फ्रीझर तोवर येईलच. आला की आठवडाभर रिकामाच चालवा, आतलं तापमान दर तासाला नोंदवा, आणि एका रात्री मुद्दाम प्लग काढून बघा की अलार्मचा फोन नेमका कुणाला जातो आणि तो उचलला जातो का.